भिंतीवरचा आकडा

करडईची फुलं पिवळ्याची तांबडी व्हायला लागली की मला संशय यायला लागतो. हसू नका. या दिवसांत कुणाला शिंका येतात, कुणाचे गुडघे धरतात. मला संशय येतो. दूधवाल्याचा येतो, डॉक्टरचा येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो बरोबर आलेल्या उत्तराचा. चुकलेल्या उत्तराला मी कधी काही म्हणत नाही. ते बिचारं खरं तरी असतं. पण आधी सांगितल्याप्रमाणे तंतोतंत बरोबर आलेलं उत्तर दिसलं, की मी त्याच्याभोवती घिरट्या घालायला लागतो.

असला स्वभाव घेऊन लातुरात राहायचं म्हणजे कठीणच. माघ लागला की आमच्या गावात विजेच्या प्रत्येक खांबावर एकेक हसरं पोरगं लटकतं, खाली त्याचे गुण. गेल्या वर्षी कुणाला किती पडले ते लिहिलं तर समजू शकतो. आता पुढच्या वर्षी किती पडणार तेही लिहून राहिलेत. माझी भाची ईश्वरी उमरीहून इथं आमच्याकडं राहायला आलीय, क्लाससाठी. तिच्या क्लासनं तिला एक कागद दिलाय. पुढच्या दहा रविवारच्या दहा परीक्षा, आणि प्रत्येकीपुढं ‘अपेक्षित गुण’. खाली क्लासचा गोल शिक्का. पोरीनं तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. सहा रविवार झाले. सहाही वेळा तिचे गुण कागदाच्या दोन-चार इकडं नाहीतर तिकडं.

बायको खूश. उमरीला फोन करून सांगते, “वन्सं, पोरगी अगदी कागदाबरहुकूम चाललीय बघा.” आणि मी रोज सकाळी दूध काढायच्या निमित्तानं फ्रिजपुढं उभा.

“मामा, रोज रोज काय बघून राहिलात?” ईश्वरीनं परवा विचारलं.

“शिक्का बघतोय,” मी म्हटलं.

तिला वाटलं म्हातारा सटकला. तिचं चूक नाही. शिक्क्याची गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती. खरं तर कुणालाच धड सांगितली नाही.

भूकंप झाला त्या साली मी नांदेडहून इंजिनिअर होऊन नुकताच बाहेर पडलो होतो. लातूरच्या बाहेर एका तेलाच्या कारखान्यात नोकरी लागली. सूर्यफुलाची, करडईची पेंड यायची. घाण्यातून काढूनही तिच्यात थोडं तेल उरतंच. ते काढायला पेंडीवर पेट्रोलसारखं एक द्रावक सोडायचं, मग तेलातून ते द्रावक वाफ करून उडवायचं, आणि ती वाफ गार करून परत टाकीत घ्यायची. गार करायचं काम कंडेन्सरचं. लोखंडाचा लांबलचक ढोल, आत शेकडो नळ्या. नळ्यांतून विहिरीचं गार पाणी, नळ्यांच्या बाहेरून तापलेली वाफ. दोघांची गाठ पडत नाही, पण एकीची उष्णता दुसऱ्याला जाते. पुस्तकात त्याला उष्णता-विनिमयक म्हणतात. प्लँटवर असं बोललो असतो तर लोकांनी चहा पाजून घरी पाठवलं असतं.

या ढोलाच्या शेवटी एक थर्मामीटर होता. तिथला आकडा छत्तिसाच्या आत राहिला तर सगळी वाफ गार होऊन टाकीत जायची. अडतिसाच्या वर गेला की थोडी वाफ तशीच छपरावरच्या नळीतून बाहेर पडायची. ती वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही, खाली उतरते आणि जमिनीवरून सरपटत जाते. एखादी ठिणगी भेटली की संपलं.

आणि ठिणग्यांची त्या वर्षी कमी नव्हती. कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या रानात आमच्याच कामगारांची वीस-एक कुटुंबं पत्र्याच्या आडोशात राहत होती. घरं पडलेली. ज्यांची उभी होती तेही आत जायला तयार नव्हते. शेठनं माणुसकीनं जागा दिली होती, पण मध्ये होती ती फक्त एक भिंत. सकाळ-दुपार तिकडून चुलींचा धूर यायचा. तो धूर दिसला की माझी नजर आपोआप थर्मामीटरच्या दिशेला जायची.

तो सगळा हंगामच संशयाचा होता. माणसं जमिनीवरसुद्धा जपून पाय टाकायची. घरोघरी भिंतीच्या भेगेशी पेन्सिलची खूण, भेग वाढली का बघायला. स्टीलच्या ताटावर पेला, पेल्यावर पेला. पडले की पळायचं. मांजर धावलं तरी पळापळ. चार दिवसाला एक अफवा यायची, अमुक वारी अमुक वाजता पुन्हा येणार म्हणून. शिकलेले लोक हसायचे आणि त्या वेळेला गुपचूप अंगणात येऊन बसायचे. मीही बसायचो. क्लाससुद्धा पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागले होते, कारण स्लॅबखाली पोरं पाठवायला आईबाप राजी नव्हते. विहिरीचं पाणी आधी गढूळलं, मग निवळलं, पण चवीला खारट झालं ते झालंच.

अशा दिवसांत मी, तेवीस वर्षांचा, भविष्य सांगायला निघालो. पाणी किती, वाफ किती, नळ्या किती, त्यांच्यावर क्षाराचं पुट किती चढणार, सगळं गणितात घातलं आणि शेठला सांगितलं, “आकडा हळूहळू चढेल, पण होळीपर्यंत छत्तिसाच्या आत राहील. तोपर्यंत प्लँट बंद करून नळ्या साफ करायची गरज नाही.”

शेठ खूश. हंगामात चार दिवस बंद म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. “गणित जुळलं तर तुमची नोकरी पक्की,” म्हणाले.

मी तीन महिन्यांचा तक्ता केला. रोजचा एक आकडा. ऑफिसचा गोल शिक्का मारला, कारण बिनशिक्क्याचा कागद प्लँटवर दोन दिवसांत तंबाखूच्या पुडीला जायचा. आणि कंडेन्सरजवळच्या भिंतीवर, पाळ्यांच्या यादीशेजारी, चिकटवला. का? तर मिरवायला. दुसरं काही कारण नव्हतं.

कंडेन्सरवर दिवसपाळीला ज्ञानोबा असायचे. पन्नाशीचा, काटक माणूस, औशाकडच्या एका खेड्यातला. त्यांचं घर गेलं होतं, आणि थोरला भाऊ माळवदाच्या मातीखाली. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. बायको, सून आणि नातवंडं भिंतीपलीकडच्या आडोशात. थर्मामीटर वाचता यायचा त्यांना, पण त्यांची पद्धत वेगळी. उजवा तळवा नळीवर, डावा स्वतःच्या कपाळावर. डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे.

“हे काय करताय?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“नळीला ताप हाय का बघून राहिलो साहेब. अंगापरीस गार हाय तवर कारखाना बी बरा. अंगापरीस गरम झाली का समजायचं, हिला बरं न्हाई.”

मी हसलो. इंजिनिअर होतो ना.

आणि मग माझं गणित जुळायला लागलं. पहिल्या आठवड्यात तक्त्यावर तेहेतीस, रजिस्टरात तेहेतीस. तिसऱ्या आठवड्यात साडेतेहेतीस, तिथंही साडेतेहेतीस. शेठ भेटेल त्याला सांगायचे, “आमचा इंजिनिअर भूकंप सोडून सगळं आधी सांगतो.” पहिले काही दिवस मी हवेत होतो. ऑफिसात बसून रजिस्टर मागवायचो, आकड्यांवर बोट फिरवायचो. थर्मामीटरजवळ जायचीच गरज वाटायची नाही. आकडा जुळत असताना कोण मरायला जिना चढतो?

पण माघात मला संशय यायला लागला. इतकं कसं जुळेल? पाणी बदललंय, पेंड कधी ओली, कधी सुकी. थंडी एक दिवस कडाक्याची, एक दिवस नाही. आणि आकडा मात्र कागदावरचा तो रजिस्टरात.

आता खरं सांगतो, मला लगेच काय सुचलं ते. नांदेडला कॉलेजात प्रयोगाच्या तासाला आम्ही काय करायचो? उत्तर पुस्तकात असायचं. त्यावरून उलटं गणित करायचं आणि रीडिंग वहीत भरायची. उपकरणाला हातही लावायचा नाही. सर सही करायचे, त्यांनीही विद्यार्थी असताना तेच केलेलं. माझी अख्खी जर्नल तशी होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मला खात्रीच पटली की ज्ञानोबा भिंतीवरचा आकडा बघून रजिस्टरात उतरवतात. कामचुकार माणूस. वर कपाळाला हात लावायची नाटकं.

सरळ जाऊन विचारायला हवं होतं. विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही, तो सापळा लावतो.

मंगळवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी तो कागद काढला आणि तसाच दुसरा लावला. शिक्क्यासकट. फरक एकच. बुधवारचा आकडा साडेचौतीस होता, तिथं मी बेचाळीस लिहिलं. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, हे काहीतरी चुकलंय. आणि रजिस्टरात बेचाळीस उतरलं की झालं, चोर रंगेहाथ. रात्रपाळीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू थर्मामीटर बघूनच लिही. ज्ञानोबांना काही सांगितलं नाही. घरी जाऊन मस्त जेवलो. माझ्या हुशारीवर मीच खूश.

बुधवारी दुपारी बाराला मी प्लँटकडं निघालो. कंपाउंडच्या कडेनं जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी लक्षात येईना काय. मग भिंतीवरून पलीकडं बघितलं. धूर नव्हता. एकाही आडोशातून नव्हता. भर जेवणाच्या वेळी वीसच्या वीस चुली थंड, आणि पोरं उन्हात बसून शिळी भाकरी कांद्यासंगं खाऊन राहिलेली. ज्ञानोबांची सून चुलीतल्या राखेवर पाणी शिंपडत होती.

“काय हो, आज सैपाक नाही?” मी भिंतीवरून विचारलं.

“मामंजींनी सांगितलंय, ते म्हणंपर्यंत कुणी काडी बी वढायची न्हाई.”

“का?”

“तुमचाच काही हुकूम हाय म्हणं.”

मला राग आला. माझा हुकूम? कसला हुकूम? म्हातारा आता माझ्या नावावर काहीही खपवायला लागला, असं मनात आलं. चार पावलं पुढं गेलो आणि वास आला. पेट्रोलसारखा, गोडसर, जमिनीलगत. धावतच जिना चढलो.

ज्ञानोबा पाण्याच्या झडपेशी उभे होते. दोन्ही हात चाकावर, नजर थर्मामीटरवर. घामानं डबडबलेले. टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि त्यात बारा वाजताचा आकडा होता बेचाळीस.

“खोटं लिहिता?” मी ओरडलो. “कागदावरचं बघून उतरवता? लाज नाही वाटत?”

त्यांनी फक्त बोटानं थर्मामीटर दाखवला.

थर्मामीटरवर बेचाळीसच होते.

मला काही कळेना. मग चाकाकडं बघितलं. पाण्याची झडप जवळजवळ मिटलेली. ज्ञानोबांनी तीन तास खपून, इंच इंच पाणी कमी करत, आकडा बेचाळिसावर आणला होता. आणि तिथं धरून ठेवला होता, कारण भिंतीवर बेचाळीस लिहिलं होतं.

मी त्यांना ढकलूनच बाजूला केलं आणि झडप उघडली. पूर्ण, टोकापर्यंत. पाणी नळ्यांतून धो धो जायला लागलं. आकडा उतरेपर्यंत मी चाक सोडलं नाही.

“ज्ञानोबा, असं का केलं?”

“तुमीच लिवलं व्हतं न्हाई का.” त्यांना माझा राग खरंच कळत नव्हता. “ऑफिसातनं कागद आला, शिक्का हाय. पाळ्यांच्या यादीवाणीच. रोज जो आकडा लिवलाय तो आणून देतो म्या. सुरवातीला पाणी कमी करावं लागायचं, आता लई वाढवावं लागतं. चाकाला आता टोक आलंय बघा.”

मी रजिस्टर मागं मागं चाळत गेलो. म्हणजे दोन-अडीच महिने माझं गणित जुळत नव्हतं. ज्ञानोबा ते जुळवत होते. नळ्यांवर खारट पाण्याचं पुट माझ्या हिशेबाच्या दुप्पट वेगानं चढत होतं आणि हा माणूस झडप उघडत उघडत ते झाकत होता. खोटा आकडा त्यांनी एकही लिहिला नव्हता. रजिस्टरातलं प्रत्येक रीडिंग खरं होतं.

“पण आज बेचाळीस! तुमचा हात काय सांगत होता?”

“हात सांगत व्हता, लई ताप हाय.” त्यांनी तळवा पँटला पुसला. “म्हणून तर सकाळीच जाऊन चुली इझवल्या समद्यांच्या. पोरं रडली, म्हटलं रडू द्या. इंजिनिअर मानसानं लिवलंय म्हंजी काही कारण असंल. पर आपण आपलं जपावं.”

“अहो, मग मला विचारायचं ना!”

त्यांनी झडपेच्या चाकावरून हात फिरवला. मग थर्मामीटरकडंच बघत म्हणाले, “साहेब, त्या दिवशी आमाला कुणीच आधी काही सांगितलं न्हाई. ना सरकारनं, ना पंचांगानं. दादा झोपलेला तसाच गेला. मग तुमी आले आन उद्याचा आकडा आजच लिवून ठेवला. म्हटलं, कुणीतरी एक हाय आधी सांगणारा. ते खोटं पडू द्यायचं नव्हतं मला.”

या माणसाला मी सापळा लावला होता. त्याच्या नातवंडांपासून एका भिंतीच्या अंतरावर. त्यांनी चुली विझवल्या नसत्या तर काय झालं असतं, ते मी आजही पूर्ण मनात येऊ देत नाही. मला रडू आलं. त्यांना वाटलं वासानं डोळे झोंबले.

मग भीतभीतच त्यांनी विचारलं, “साहेब, आता चुली पेटवू देऊ का बायांना? पोरं उपाशी हायेत.”

म्हटलं, वास पूर्ण जाऊ द्या, मी स्वतः येतो सांगायला. तास-दीड तासानं गेलो. पेटलेल्या पहिल्या चुलीपुढं मी आडोशात बसलो होतो, आणि त्यांच्या सुनेनं मला गरम भाकरी वाढली. ती मी मोडून पोरांना वाटली.

भिंतीवरचा कागद मी त्याच दुपारी फाडला. ज्ञानोबांना म्हटलं, “झडप मी गणितात धरली होती तेवढीच उघडी ठेवा, हलवू नका, आणि जे दिसेल ते लिहा.” दुसऱ्या दिवशी तक्त्याप्रमाणे साडेचौतीस हवे होते. ज्ञानोबांनी साडेसदतीस लिहिलं आणि रजिस्टर माझ्यापुढं असं धरलं, जणू त्यांच्याच हातून काही फुटलं होतं. मी तो आकडा घेऊन शेठकडं गेलो. सापळ्याचंही सांगितलं. शेठ जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण प्लँट बंद केला. ढोल उघडला तर नळ्यांत करंगळी जाईना, इतका क्षार. साफ करायला चार दिवसांचे सहा लागले. माझी नोकरी कशी टिकली मला माहीत नाही. ज्ञानोबांचा शब्द असावा. तेही मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून बरोबर आलेलं उत्तर दिसलं की मी विचार करतो, खाली कुणी झडप धरून तर उभं नाही ना.

काल गुरुवार. सकाळी पुन्हा फ्रिजपुढं. सातव्या रविवारपुढं पाचशे ऐंशी, आधीपेक्षा चाळीसनं जास्त. मनात काय काय येऊन गेलं. पोरगी कॉपी करत असेल का? क्लासवालेच पेपर फोडत असतील का? हात खिशातल्या पेनाकडं गेला सुद्धा. म्हटलं, पाचाचा सहा करून बघू, काय होतं ते कळेल. पेनाचं टोपण काढलं आणि माझीच मला शिसारी आली. एवढी वर्षं गेली, म्हातारा झालो, आणि अजून विचारायच्या आधी सापळाच सुचतो!

ईश्वरी टेबलाशी वही उघडून बसली होती. स्वेटर घालून. माघातही दहा वाजताचं ऊन लातुरात काही स्वेटरचं नसतं. मी जवळ गेलो. उजवा तळवा तिच्या कपाळावर ठेवला, डावा माझ्या.

“काय करताय मामा?” ती मागं सरकायला लागली.

मी डोळे मिटले होते. पोरगी नुसती फणफणली होती.

“कधीपासून?”

“काही नाही हो. जरासं हाय.”

“ईश्वरी. कधीपासून?”

“सोमवारपासून.” तिनं वही मिटली. “गोळी घेतली की उतरतो. मामीला सांगू नका ना, ती आईला फोन करील. रविवारी पाचशे ऐंशी लिहिलंय त्यांनी. आधीच्या सगळ्या रविवारी आणले ना मी? रोज तीन वाजता उठून आणले. आता एकदा हुकलं की पुढचे सगळे हुकतील.”

मी तिच्या कपाळावरचा हात काढला. फ्रिजकडं गेलो, कागद काढला, चार घड्या घालून खिशात टाकला. ती बघतच राहिली.

“मामा! तो क्लासचा हाय!”

“असू दे.”

“मग रविवारी मी किती आणायचे?”

“रविवारी तू झोपायचं. त्याच्या पुढच्या रविवारी जाशील, आणि जे येईल ते घरी येऊन मला सांगशील. कमी आलं तरी सांगशील.”

ती माझ्याकडं बघत होती. मग एकदम टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, मोठ्यानं, लहानपणी उमरीला रडायची तशी. बायको आतून धावत आली, “अहो, काय बोललात पोरीला?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आधी गॅस पेटव. पोरीला काहीतरी गरम करून दे.”